ताकदीच्या गोळ्या

"थो कागद हाये का वं तुह्यापाशी अजून?"

शालूबाईनं हे विचारलं तेव्हा अन्नपूर्णाबाईंच्या समोर वजनकाट्याच्या झोळीत सात महिन्यांचं लेकरू लोंबत होतं आणि त्यानं रडून सगळी अंगणवाडी डोक्यावर घेतली होती. शालूबाई दारात उभी होती. धड आत नाही, धड बाहेर नाही. तेरा वर्षांत तिनं हा उंबरठा ओलांडला नव्हता आणि आजही तिचा तसा विचार नसावा, कारण पायातल्या चपला तिनं काढल्याच नव्हत्या.

अन्नपूर्णाबाईंनी आकडा पाहिला, सहा किलो तीनशे, वहीत लिहिला, लेकराला त्याच्या आईच्या कडेवर दिलं. "वरन-भात कालवून दे वं त्याले, नुसत्या बिस्किटावर नको ठेवू," असं बजावलं. ती बाई वळणापलीकडे जाईपर्यंत त्या वहीत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोनता कागद?"

"थोच." शालूबाईनं मागंपुढं पाहिलं. "मोठ्या आजाराचा."

उंद्रीत टीबीला टीबी म्हणणारी माणसं अजूनही कमी. मोठा आजार म्हणायचं, आवाज खाली घेऊन म्हणायचं, आणि म्हटल्यावर पदर तोंडाशी न्यायचा, अशी रीत. शालूबाईनंही पदर तोंडाशी नेला. मग सांगायला लागली.

तिची अनुपमा पुण्याला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती. दहा वर्षं वाट पाहून झालेली एकुलती एक पोर, आता सव्वीस वर्षांची. तिनं ऑस्ट्रेलियाच्या एका व्हिसासाठी नाव टाकलं होतं. वर्षभर तिकडं राहायचं, फिरायचं आणि फिरता फिरता कामही करायचं, असा तो व्हिसा. सगळ्या देशातून सोडत निघते आणि त्यात हजारजणांची नावं येतात, त्यात हिचं आलं. अनुपमाच्या वडिलांना, शेषरावांना, हे प्रकरण काही केल्या उमगलं नव्हतं. "सुट्टीले जायाचं आन् तिकडं जाऊन फळं तोडाचं काम कराचं? मंग आपल्या वावरात का काटे होते?" असं ते दिवसातून दोनदा म्हणत आणि पारावर मात्र छाती फुगवून ऑस्ट्रेलिया हा शब्द नीट उच्चारत.

"सगळं झालं होतं वं," शालूबाई म्हणाली. "विंग्रजीची परीक्षा झाली, कागदं झाले. शेवटी तब्येतीची तपासनी राह्यली. तिकडच्या सरकारनं पुन्यातला एक दवाखाना नेमून देल्ला हाये. तिथं छातीचा फोटो काढला आन् त्यात डाग निघाला. उजव्या अंगाले, वरती."

अन्नपूर्णाबाई झोळी घडी करत होत्या. हात थांबले.

"डॉक्टरनं इचारलं, आधी कधी टीबी झाला होता का. तिनं सांगलं नाही. फारमावर बी नाहीच लिहिलं होतं. तिले कुठं मालूम हाये? आता थे म्हनतात, तीन दिस थुंकी तपासाले द्या, दोन महिने थांबा. आन् आधी औषध घेतलं असन त त्याचा पुरावा आना. नाही त लपवलं असं धरतीन. एकदा लपवलं म्हनून लिहून गेलं की मंग कोनताच देश उभा नाही करत म्हने." शालूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "महिनाभराची मुदत देल्ली."

"पन कागद माह्या नावाचा हाये, शालू."

"म्हनून त आली. चिखलीले एक जन हाये, असे कागदं बराबर करून देते. नाव तेवढं खोडाचं आन् अनूचं टाकाचं. बाकी सगळं खरंच हाये ना? सिक्का खरा, तारीख खरी, औषध बी खरंच खाल्लं पोरीनं." ती जरा थांबली. "तुलेच बरं हाये थे. तुह्यावरचा डाग बी जाईन."

एवढं बोलून ती निघून गेली. अन्नपूर्णाबाईंनी झोळीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

दोघी एकाच वर्षी उंद्रीत नांदायला आलेल्या. एकमेकींच्या वेण्या घातल्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल केली, पोटभर हसल्या. अन्नपूर्णाबाईंचा नवरा सहदेव तिसऱ्याच वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले तेव्हा शालूबाईच आडवी आली होती, "थे इथंच राहीन, मी हाये ना तिले," म्हणून. पुढं अंगणवाडीचं काम मिळालं आणि अन्नपूर्णाबाईंचं आयुष्य दुसऱ्यांची लेकरं मोजण्यात, जोखण्यात आणि त्यांना खिचडी वाढण्यात गेलं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि त्यांनी केलीही नाही.

अनुपमा आठवीत असताना खोकायला लागली. संध्याकाळचा ताप, पोर वाळून काटकी झाली. चिखलीच्या खाजगी डॉक्टरनं फोटो काढला आणि चिठ्ठी लिहून दिली, सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांचं औषध फुकट मिळेल म्हणून. औषध फुकट होतं, पण नाव रजिस्टरला लागणार होतं. घरी माणूस येऊन पत्ता पाहणार होता. शालूबाईनं अन्नपूर्णाबाईंचे पाय धरले. "पोरीचं नाव एकदा का या आजाराले लागलं त तिचं काय होईन? तिच्या बापाले बी सांगलं नाही म्या. तुह्या वळखी हायेत दवाखान्यात. कायतरी कर."

अन्नपूर्णाबाईंनी काही ठरवलं वगैरे नव्हतं. पोरीच्या थुंकीची डबी पिशवीत घालून त्या दवाखान्यात गेल्या. वाटलं, ओळखीची नर्सबाई आहे, तिला एकटीला गाठून सांगू. पण नर्सबाई रजेवर, खिडकीत नवाच माणूस, आणि मागं रांगेत उंद्रीच्याच दोन बाया उभ्या. त्यानं मान वर न करता विचारलं, "नाव?" अन्नपूर्णाबाईंनी मागं वळून पाहिलं. त्यानं डबी उचलली, "बाई, नाव सांगा ना कोणाची आहे?" मागच्या दोघी माना पुढं काढून ऐकत होत्या.

"माही हाये," त्या म्हणाल्या. "अन्नपूर्णा सहदेव अंभोरे. उंद्री."

तोंडातून गेलं ते गेलं. घरी येताना त्यांनी स्वतःची समजूत घातली. मले कोन पाहाले येनार हाये? माहं कोनतं लगन अडनार हाये? शालूबाईनं ते ऐकलं आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली. जन्मभर उपकार विसरणार नाही म्हणाली. उपकार ती विसरली नाही, हेही खरंच. ते लक्षात ठेवायची तिची पद्धत निराळी होती इतकंच.

औषधाचा खोका आला, त्यावर अन्नपूर्णाबाईंचं नाव. पहिला खुराक दवाखान्यात समोर गिळायचा नियम. सात गोळ्या. त्यांनी गिळल्या. पुढं तो खोका गावची आशा कार्यकर्ती जयमाला हिच्या ताब्यात राहिला, पण ती म्हणाली, "बाई, तुमी सोता सेविका, तुमाले का समोर उभं राहून गिळाले लावू?" आणि पाकिटं हातात देत गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. शाळेच्या आधी अनुपमा अन्नपूर्णाबाईंच्या घरी मागच्या दारानं यायची, भाकरीचा तुकडा खायची, गोळ्या गिळायची. "कायच्या हायेत वं बाई ह्या?" तिनं एकदाच विचारलं. "ताकदीच्या," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगू नको, नाही त सगळ्या पोट्ट्या मांगतीन." लघवी लाल होते म्हणून पोर घाबरली तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, ताकदीचा रंग तसाच असतो. ताकद आलीही. सहा महिन्यांत पोरीचे गाल भरले.

अन्नपूर्णाबाईंचं मात्र जे व्हायचं ते झालं. तपासणीला आलेल्या माणसानं मोटरसायकल पारापाशी थांबवली आणि मोठ्यानं विचारलं, टीबीच्या पेशंट अन्नपूर्णाबाई कुठं राहतात? झालं. दुसऱ्या दिवशी खिचडीचं पातेलं जसंच्या तसं राहिलं. बायांनी लेकरं पाठवणं बंद केलं. मदतनीस काम सोडून गेली. वरच्या पर्यवेक्षिकाबाईंनी घरी बसायला सांगितलं. बरं झाल्याचा दाखला आल्यावर कामावर परत घेतलं आणि हळूहळू लेकरंही आली, पण घरून डबा घेऊन आली. हळदी-कुंकवाची बोलावणी थांबली ती थांबलीच. कोणी भांडलं नाही की तोंडावर बोललं नाही. नुसते लोक दोन हात लांब उभे राहायला लागले आणि मग ती सवय होऊन गेली.

आणि शालूबाईच्या ओट्यावरच्या कोनाड्यात एक कप आला. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. तो अन्नपूर्णाबाईंचा. चहा त्यातच द्यायचा, प्यायल्यावर त्यांनीच विसळून पालथा ठेवायचा. पहिल्यांदा शालूबाईनं कानात सांगितलं, "सासूसाठी करा लागते वं, बुढीले शंका येईन." अन्नपूर्णाबाईंना ते पटलंसुद्धा. सासू जाऊन सहा वर्षं झाली. कप होता तिथंच होता.

हे सगळं त्यांनी पचवलं होतं. एक गोष्ट मात्र पचली नव्हती आणि ती त्यांनी शालूबाईलाही सांगितली नव्हती. तो पहिला खुराक. तो पोरीच्या वाट्याचा होता आणि तो त्यांनी खाल्ला. म्हणजे पोरीला एक खुराक कमी पडला. आता तेरा वर्षांनी फोटोत डाग निघाला म्हटल्यावर त्यांना आधी तेच आठवलं. डाग आपल्यामुळं राहिला, या एका विचारानं त्यांना दुपारी घास गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमा स्वतः आली. आपण कागद मागून आल्याचं आईनं तिला सांगितलं नसावं. पुण्याहून रातोरात बसनं आलेली, डोळे सुजलेले, खांद्याला पिशवी. ती उंबरठ्यावर थांबली नाही. चपला काढून सरळ आत आली आणि लेकरांच्या बसकरावर बसली.

"बाई, एक इचारू? तुमी मले लहानपनी गोळ्या देत होत्या. मागच्या दारानं."

"ताकदीच्या," अन्नपूर्णाबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"डॉक्टरनं इचारलं तवापासून मी आठवून राह्यली. मी आठवीत वर्गात खोकत होती. माह्यापाशी कोनी बसत नव्हतं. मंग तुमच्या गोळ्या सुरू झाल्या." तिनं मान वर केली. "मायले इचारलं त थे रडते नुसती. तुमी खरं सांगा. थ्या कायच्या होत्या?"

अन्नपूर्णाबाई उठल्या. लेकरांच्या वाढीच्या तक्त्यांच्या गठ्ठ्याखालून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात दोन कागद होते. चिखलीच्या डॉक्टरची अनुपमाच्या नावाची चिठ्ठी, जी जाळून टाक म्हणून शालूबाईनं तेव्हा दिली होती. आणि बरं झाल्याचा दाखला.

अनुपमानं चिठ्ठी वाचली. मग दाखला उलगडला. "हा त तुमचा हाये," ती म्हणाली. "तुमाले बी त झाला होता ना तवा. सगळ्या गावाले मालूम हाये."

"हाव," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "गावाले तेवढंच मालूम हाये."

पोरीनं दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. चिठ्ठीची तारीख आणि दाखल्यावरची औषध सुरू झाल्याची तारीख, महिना तोच, वर्ष तेच. बराच वेळ ती तारखा पाहत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी तुमच्या हातचा परसाद फेकला होता, बाई," ती आतून बोलली. "गनपतीत. पोट्ट्या म्हनल्या, थिच्या हातचं खाशीन त मरशीन. म्या तुमच्यासमोर नालीत टाकला."

अन्नपूर्णाबाईंना तो परसाद चांगला आठवत होता. खोबरं आणि खडीसाखर. त्या दिवशी शुक्रवार होता आणि सकाळीच पोरीनं त्यांच्याच हातनं भाकर खाल्ली होती. "लहान होती तू," त्या म्हणाल्या. "मले नाही आठवत."

मग त्यांनी तिला तिच्या आईचा बेत सांगितला. चिखलीचा माणूस, नाव खोडणं. अनुपमा काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "म्या एकदा खोटं नाव सांगलं, त्याचे तेरा वर्स गेले. आता दुसऱ्यांदा नाही सांगत. तुह्या नावानं बी नाही. बुलढान्याले चाल माह्यासंगं. टीबीच्या साहेबाले जे झालं थे सांगू."

"तुमच्या नोकरीचं काय? रिटायर व्हाले चार महिने राह्यले ना तुमचे?"

"काढलं त काढलं," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना चांगलीच भीती वाटली.

बुलढाण्याच्या कार्यालयातला अधिकारी तरुण होता. चष्म्याआडून त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर तो खुर्चीत मागं टेकला. "बाई, तुम्ही केलंत ते किती चुकीचं आहे तुम्हाला कळतंय का? औषध कोणाच्या वजनाचं, खाल्लं कोणी? काही झालं असतं पोरीला तर?"

"हाव साहेब."

"आणि आता नुसत्या तोंडी बोलण्यावर मी काय लिहून देऊ?" त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग जरा विचार करून म्हणाला, "एक करू. तुमच्या छातीचा फोटो काढू."

"माह्या?"

"हो. रजिस्टर म्हणतं आजार तुम्हाला होता. बघू तुमची छाती काय म्हणते."

थंडगार पत्र्याला छाती लावून, हात कमरेवर, श्वास रोखून अन्नपूर्णाबाई उभ्या राहिल्या. श्वास रोखायला त्यांना सांगावं लागलं नाही. तासाभरानं साहेबानं दोन्ही फोटो उजेडात धरले, एका हातात अनुपमाचा पुण्याचा, दुसऱ्यात यांचा. अनुपमाच्या फोटोत वर उजवीकडं एक पांढरट ओरखडा होता. यांच्या फोटोत नुसत्या फासळ्या.

"काही नाही," साहेब म्हणाला. "तुमची छाती स्वच्छ आहे, बाई. इथं कधीच काही नव्हतं."

अन्नपूर्णाबाई त्या काळ्या फिल्मकडं बघत राहिल्या. तेरा वर्षांत हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. त्यांना स्वतःलाही अलीकडं साधा खोकला आला तरी शंका यायची, इतकं ते अंगात मुरलं होतं. पण आता विचारायचं ते दुसरंच होतं.

"साहेब, पयला खुराक म्या खाल्ला होता. समोर गिळा लागला म्हनून. पोरीले एक कमी पडला. थो डाग... त्याच्यापायी राह्यला का?"

साहेबानं फिल्म खाली ठेवली आणि आवाज मऊ करून म्हणाला, "नाही बाई. जखम भरली की व्रण राहतो ना, तसा आहे तो. बरं झाल्याची खूण आहे. सगळे खुराक घेतले असते तरी राहिलाच असता."

तेव्हा अन्नपूर्णाबाई रडल्या. कार्यालयात, लोकांसमोर, पदराचा बोळा तोंडात धरून. अनुपमानं त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

पत्र इंग्रजीत लिहिलं गेलं. औषध कोणी घेतलं, रजिस्टरला नाव कोणाचं लागलं आणि का, सगळं त्यात आलं. अन्नपूर्णाबाईंनी आपल्या जबाबावर सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली. "हे पत्र मी त्या दवाखान्यालाच पाठवतो," साहेब म्हणाला. "पण उद्या तुमच्या ऑफिसात कोणी दाखवलं तर माझ्या हातात काही नाही."

बसमध्ये अनुपमा म्हणाली, "मी गावात सगळ्याईले सांगतो, बाई. पारावर उभी राहून सांगतो."

"सांगून काय करशीन? तुह्यं लगन व्हायचं हाये. तुह्या मायनं जे राखलं थे असंच टाकून देशीन?" अन्नपूर्णाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "ऑस्ट्रेलियाले मालूम झालं. बस झालं." थोड्या वेळानं त्यांनाच याचं हसू आलं. ज्या देशाचं नावही त्यांना धड घेता येत नव्हतं, तिथल्या कोण्या साहेबाच्या फायलीत त्यांची छाती स्वच्छ असल्याचं लिहिलं गेलं होतं, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या तानाबाईला ते ठाऊक नव्हतं. फोटोची फिल्म त्यांनी घरी नेली आणि ट्रंकेत साडीखाली ठेवली. दाखवायला कोणी नव्हतं, पण अधूनमधून त्या काढून बघायच्या.

दोन महिन्यांनी थुंकीचा निकाल आला, काही नाही म्हणून. त्यानंतर तीन आठवड्यांनी व्हिसा आला. अन्नपूर्णाबाईंच्या ऑफिसातून मात्र कोणाचं काही आलं नाही. रोज पोस्टमन दिसला की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं, आणि असंच धस्स होत होत त्या एका गुरुवारी निवृत्त झाल्या. नारळ आणि शाल मिळाली. खिचडी त्यांनी त्या दिवशीही रांधली, लेकरांनी त्या दिवशीही डबे उघडले.

अनुपमाच्या निघायच्या दिवशी शालूबाईच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. तानाबाई होती, जयमाला होती, गल्लीतल्या आणखी चार-पाच. शेषराव गाडीवाल्याला ऑस्ट्रेलिया किती लांब आहे ते समजावून सांगत होते. अनुपमाची मोठी बॅग दारातच उघडी पडलेली, शेवटचं काहीबाही कोंबणं चाललेलं. अन्नपूर्णाबाई आल्या आणि नेहमीसारख्या ओट्याच्या कडेला, सगळ्यांपासून दोन हात सोडून बसल्या. हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. तो कोणाकडं द्यावा हे न कळून त्यांनी मांडीवरच ठेवला.

शालूबाई चहा घेऊन आली. ताटलीत कानाचे कप, बशा. एकेकीला देत ती कडेपर्यंत आली आणि अन्नपूर्णाबाईंसमोर थबकली. ताटलीत एक कप उरला होता. तिनं अन्नपूर्णाबाईंकडं पाहिलं, मग बायांकडं पाहिलं. तानाबाई चहा फुंकत इकडंच बघत होती. शालूबाईचा हात कोनाड्याकडं गेला. तेरा वर्षांची सवय होती ती, आणि त्या घडीला तिला दुसरं काही सुचलंही नसेल.

पण कोनाड्यात कप नव्हता.

"माय, इकडं हाये," अनुपमा म्हणाली.

ती बॅगेशेजारी उकिडवी बसली होती. निळ्या फुलांचा, कान तुटलेला कप तिच्या हातात होता. तिनं उठून किटलीतला चहा स्वतःच त्यात ओतून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला.

"अवं पोरी," तानाबाई दचकून म्हणाली, "थो कप अन्नपूर्णाबाईचा हाये. त्यात काऊन पिऊन राह्यली?"

"नाही, मावशी. माहा हाये." अनुपमानं एक घोट घेतला. "पयल्यापासून माहाच हाये. बाईनं सांभाळला एवढे दिवस."

तानाबाईला काही समजलं नसावं. जयमालानं मात्र हातातला कप खाली ठेवला आणि ती अन्नपूर्णाबाईंकडं बघत राहिली. तिला खोका आठवला असेल, तिनं न मोजता दिलेली पाकिटं आठवली असतील. अन्नपूर्णाबाईंनी मान खाली घातली.

अनुपमानं चहा संपवला, कप ओट्याच्या कडेला विसळला, आपल्या ओढणीनं पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला. मग अन्नपूर्णाबाईंच्या मांडीवरून लाडवांचा डबा उचलला, एक लाडू तिथंच तोंडात टाकला आणि डबा कपाशेजारी ठेवून बॅगेची चेन ओढली.

शालूबाई ताटली घेऊन तशीच उभी होती. शेवटी ती खाली बसली, दोन हातांचं अंतर न सोडता बसली, आणि उरलेला कप बशीसकट तिनं अन्नपूर्णाबाईंच्या पुढं धरला.

"घे वं," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."

अन्नपूर्णाबाईंनी सवयीनं दोन्ही तळव्यांनी कप धरायला हात पुढं केले. मग कान दिसला. त्यांनी कानात बोट घातलं आणि सावकाश कप उचलला. चहा खरोखरच निवला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला आणि कप विसळायला उठल्या नाहीत.